ढोकीचा ऊस आणि १९६१ ची जग्वार

ढोकीच्या तेरणा कारखान्याच्या पट्ट्यात ऊस म्हटलं की साखरच आठवते. पण उसापासून इथेनॉलही बनतं, आणि ते तुमच्या बाइकच्या टाकीत जातं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता साधारण २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून त्याला ई-२० म्हणतात. त्यासाठी बनवलेल्या नव्या गाड्यांना ते चालतं. जपून ठेवलेल्या जुन्या स्पोर्ट्स कारचं काय?

जग्वार ई-टाइप घ्या. (जग्वार २००८ पासून टाटा समूहाकडे आहे, म्हणजे घरचीच म्हणा!) मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाला ती पहिल्यांदा दाखवली, तेव्हा चक्कर मारायला इतकी झुंबड उडाली की टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस कॉव्हेंट्रीहून दुसरी गाडी रात्रभर चालवत घेऊन गेले. '७७ आरडब्ल्यू' नंबरची ती गाडी ब्रिटनमध्ये अजून जपलेली आहे. १९७४ पर्यंत ७२ हजारांहून जास्त ई-टाइप बनल्या. सुरुवातीचं इंजिन ३.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं. सॉफ्टवेअर अर्थातच नव्हतं.

गोम तिथेच आहे. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९, आणि ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडायला हवं. आजच्या गाडीत सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो आणि कॉम्प्युटर लगेच इंधन वाढवतो. ई-टाइपमध्ये हे काम तीन एसयू कार्ब्युरेटर करतात. इंजिनने हवा ओढली की आतला पिस्टन वर जातो, त्याची निमुळती सुई उचलली जाते आणि पेट्रोलची वाट मोठी होते. त्या सुईचा आकार हाच प्रोग्रॅम! पेट्रोल बदललंय हे तिला कळणार कसं? मग मिक्स्चर लीन होतं, पिकअप जातो, इंजिन तापतं.

शिवाय इथेनॉल जुनं रबर खराब करतं आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती रोज चालवता येत नाही. गाडी उभी आणि पेट्रोल टाकीत पडून, म्हणजे गंजाला आमंत्रणच. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये साधं पेट्रोल ई-१० केलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी ई-५ सुपर पंपावर ठेवलं. तेवढी सोय आपल्याकडेही व्हायला हवी होती, असं मला वाटतं.

घरात आजोबांची राजदूत किंवा येझदी असेल तर हेच लागू. पेट्रोलचा पाइप दाबून बघा. मऊ पडलाय किंवा चिरा दिसतायत, तर इथेनॉल सोसणारा पाइप टाका, मेकॅनिककडून मिक्स्चर थोडं रिच करून घ्या, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.