महाराष्ट्रातील प्रस्तरारोहण

प्रस्तरारोहण म्हणजे हातापायांच्या पकडीने उभा कातळ चढून जाण्याचा साहसी क्रीडाप्रकार होय. कमी उंचीच्या शिळांवर दोराविना केल्या जाणाऱ्या चढाईस बोल्डरिंग म्हणतात. त्यासाठी पायथ्याशी जाड गादी अंथरतात. जगातील अनेक नामांकित आरोहणक्षेत्रे वालुकाश्माची आहेत. महाराष्ट्रात मात्र हा खेळ मुख्यतः बेसाल्टवर वाढला आणि येथील आरोहणाची पद्धत व त्यातील धोके याच खडकाने ठरवले.

खडकाचे स्वरूप

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला. जालना जिल्ह्यातील जाफराबादजवळ, पूर्णा नदीच्या खोऱ्यात, तो बहुतांशी काळ्या मातीखाली दडलेला आहे. सह्याद्रीत तोच उभ्या कड्यांच्या रूपाने उघडा पडतो. घट्ट थरांतील पकडी बारीक पण भक्कम असतात. सच्छिद्र थर ठिसूळ असून हाती आलेला दगड निखळू शकतो. दोन थरांच्या मध्ये लाल मातकट पट्टे व गवताळ टप्पे येतात. त्यामुळे एकाच कड्यावर आरोहकाला काही मीटरांच्या अंतराने निराळा खडक भेटतो.

कड्याच्या दुर्गमतेचे महत्त्व येथे फार पूर्वीपासून जाणले होते. देवगिरी किल्ल्याच्या डोंगराच्या बाजू कोणालाही चढता येऊ नये म्हणून तासून सरळ केलेल्या आहेत.

प्रमुख ठिकाणे व पद्धत

हरिश्चंद्रगडाचा अंतर्वक्र कोकणकडा, रायगडासमोरील लिंगाणा, जीवधनजवळचा वानरलिंगी सुळका, खंडाळ्याची नागफणी (ड्यूक्स नोज) आणि तैलबैलाच्या जुळ्या भिंती ही परिचित ठिकाणे होत. गिर्यारोहकांच्या बोलीत खोल दरीच्या दर्शनाने वाटणाऱ्या भीतीस ‘दृष्टिभय’ आणि सुट्या दगडमातीच्या उतारास ‘घसारा’ म्हणतात.

पहिला आरोहक चढता चढता दोर ठिकठिकाणी अडकवतो आणि खालचा साथीदार तो नियंत्रित करतो. भेगा नसलेल्या कातळात छिद्र पाडून बोल्ट बसवावे लागतात. पावसाने हे बोल्ट गंजतात. वरून धड दिसणारा जुना बोल्ट आतून कमकुवत असू शकतो, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर भार टाकणे धोक्याचे ठरते. पावसाळ्यानंतर काही काळ सैल झालेले दगड कोसळत राहतात. कड्यांवरील आग्यामोहोळ हाही मोठा धोका आहे, कारण माशा उठल्यास दोरावर लटकलेल्या आरोहकाला पळता येत नाही.

वालुकाश्मावरील आरोहण

महाराष्ट्राच्या दक्षिणेस, कर्नाटकातील बदामी येथे तांबड्या वालुकाश्माच्या भिंती आहेत. वाळूच्या कणांमुळे बुटांना उत्तम घर्षण मिळते. परंतु ओला वालुकाश्म कमकुवत होतो व त्यावरील पकडी तुटतात, म्हणून पावसानंतर तो पूर्ण वाळेपर्यंत चढू नये असा संकेत आहे. जर्मनीतील एल्बे नदीकाठच्या वालुकाश्मावर तर खडक झिजू नये म्हणून भेगांत धातूची साधने अडकवण्यासही परंपरेने मनाई असून गाठी मारलेले दोर वापरतात. बदामीत चालुक्यकालीन लेणी याच खडकात कोरलेली आहेत. अशा संरक्षित स्मारकांना इजा करणे 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे.

स्पर्धा

कृत्रिम भिंतीवरील आरोहणाचा समावेश 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथमच झाला. त्यापूर्वी 2016 व 2017 साली बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा नवी मुंबईत झाल्या होत्या.