गडचिरोलीतील घरोघरी नवजात बालसेवा

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी गावपातळीवर संशोधन केले. 39 गावांत नवी पद्धत राबवली आणि 47 गावे तुलनेसाठी ठेवली. तुलनेशिवाय मृत्यूंतील घट नेमकी कशामुळे झाली, हे सांगता येत नाही. 1993 पासून दोन्हीकडे प्रत्येक जन्माची व मृत्यूची नोंद ठेवली गेली, 1995 पासून उपचार सुरू झाले.

उपचार करणाऱ्या होत्या गावातल्याच, थोडेफार शिकलेल्या स्त्रिया. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, आईला अंगावर पाजायला मदत करणे ही त्यांची कामे. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की आईवडिलांच्या संमतीने त्या जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. यावर डॉक्टर मंडळींनी शंका घेणे स्वाभाविक होते. उत्तर आकड्यांनी दिले.

याआधी ‘सर्च’ने मुलांमधला न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेले साधनही असेच गावातल्यांना वापरता येणारे. वाळूचे मिनिटभराचे घड्याळ उलटायचे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, म्हणजे श्वास फार जलद असला, तर न्यूमोनियाची शक्यता. दहापर्यंत मोजता येणाऱ्या सुईणीलाही हे जमे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1999 साली नवजात सेवेच्या संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटला होता. याच धर्तीवर 2011 मध्ये घरोघरी नवजात सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे गावातल्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, 42 दिवसांत सहा वेळा जातात, घरी जन्मलेल्याकडे सात वेळा.