आवाज कोंडावा, वारा कोंडू नये

निवृत्तीनंतर हाताला काम हवे म्हणून अनेक ज्येष्ठ घरच्या घरी सुतारकाम करू लागतात. तळोज्यासारख्या वाढत्या वसाहतीत नव्या सदनिकांमध्ये फर्निचरचे काम सतत कोठे ना कोठे चालू असते, त्यामुळे प्लायवुडचे तुकडे आणि सल्ला देणारे मिस्त्री हे दोन्ही सहज मिळतात. हा छंद प्रकृतीला उत्तम आहे. त्याच्या मागोमाग दोन त्रास मात्र येतात, एक भुशाचा आणि दुसरा आवाजाचा.

लाकडाची बारीक धूळ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ती मानवात कर्करोग घडविणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातली आहे. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांना तिचा त्रास तर लगेच जाणवतो. म्हणून करवत अथवा रंधायंत्र चालू असताना भुसा जागच्या जागी ओढून घेणारा व्हॅक्यूम आवश्यकच आहे. ‘आवाज फार होतो’ म्हणून तो बंद ठेवून काम करणे, हा आमच्या मते सर्वांत वाईट उपाय होय.

तरीही आवाजाची तक्रार खरी असते. अशा यंत्राजवळ तो साधारणपणे ८० ते ९० डेसिबल असतो. कामगारांसाठीच्या एका मान्य मापानुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर आपण या मर्यादेच्या आसपास आहोत असे समजावे. वयोमानाने आधी वरच्या पट्टीतले ध्वनी ऐकू येईनासे होतात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजने निसटतात. गंमत अशी की, कमी ऐकू येणाऱ्या माणसालाच मोठा आवाज अधिक बोचतो. शेजारच्या खोलीत दुपारी पडलेल्या वृद्ध आईला मुलाचे शब्द कळत नाहीत, पण व्हॅक्यूमची घरघर नेमकी डोक्यात जाते. यात तिचा हट्ट नाही. तिच्या कानाची ती अवस्थाच असते.

यावरचा उपाय आपल्या गृहसंकुलाच्या आवारातच उभा असतो, तो म्हणजे जनित्राचा डबा. केंद्राच्या नियमानुसार १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनित्राला कारखान्यातच ध्वनिरोधक आवरण बसवावे लागते आणि आवरणापासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. तो डबा नीट पाहावा. पत्रा जड, आत मऊ अस्तर, दाराला रबरी पट्टी आणि हवा आत-बाहेर जाण्यासाठी वळणदार वाट. व्हॅक्यूमसाठी करायचे कपाट म्हणजे याचीच लहान आवृत्ती.

वजन ध्वनी अडवते, मऊ अस्तर तो शोषते आणि फट सगळ्यावर पाणी फिरवते. भिंतीच्या एक टक्का क्षेत्रफळाएवढी फट राहिली, तर भिंत कितीही जाड असली तरी २० डेसिबलपेक्षा अधिक घट मिळत नाही. म्हणून १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड, दाराभोवती दाबून बसणारी रबरी पट्टी आणि नळी बाहेर पडते तेथे घट्ट रबरी कडे, एवढे तरी हवेच. अस्तरासाठी रॉकवूल उत्तम. कारखान्यांत वाफेच्या नळांभोवती गुंडाळतात तीच ही खनिज लोकर. ती कापताना मास्क व हातमोजे वापरावेत आणि तिच्यावर कापड ताणून बसवावे. थर्मोकोल लावू नये, तो ध्वनी शोषत नाही आणि पेट मात्र घेतो. यंत्राखाली जाड रबर ठेवावे, नाहीतर कंप फरशीतून खालच्या मजल्यापर्यंत पोहोचतो.

खरी कसोटी आहे ती उष्णतेची. १२०० वॅटचे यंत्र म्हणजे आत अखंड तापत असलेली इस्त्रीच. ते घट्ट कपाटात बंद केले, तर काही मिनिटांत मोटार जळू शकते. म्हणून हवेला वाट द्यायची, पण सरळ द्यायची नाही. आतून अस्तर लावलेली आणि निदान दोनदा वळणारी चौकोनी नळी करावी. हवा वळते, ध्वनी मात्र प्रत्येक वळणावर अस्तरात मुरतो. ओढणारी नळी ३८ मिलिमीटर व्यासाची असेल, तर तिचे तोंड सुमारे ११ चौरस सेंटिमीटरचे असते. बाहेर जाणारी वाट १० बाय १० सेंटिमीटरची ठेवली की हवा कोंडत नाही. मोटारीला थंड करणारी हवा वेगळ्या झरोक्यांतून घेणारे यंत्र असेल, तर तशीच दुसरी वाट आत येण्यासाठीही हवी.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे चालवून बाहेर पडणाऱ्या हवेपुढे हात धरावा. ती सोसवेनाशी गरम असेल किंवा जळका वास येत असेल, तर तत्काळ बंद करून वाट रुंद करावी. गाळणी तुंबली की मोटार अधिक तापते, तेव्हा तीही झटकत राहावी. साठ सेंटिमीटरचे चौकोनी कपाट रिकामेच पंचवीस किलोच्या घरात जाते. ज्येष्ठांनी ते उचलू नये, तळाशी रबरी चाके लावावीत आणि वाकावे लागू नये म्हणून बटण बाहेर, कमरेच्या उंचीवर घ्यावे. आवाज १० डेसिबलने उतरला तरी कानाला तो निम्मा वाटतो. करवतीचा आवाज मात्र या कपाटाने कमी होत नाही. तेथे श्रवणयंत्र काढून कानावर संरक्षक मफ चढवावेत.

हे वाचून एखाद्या काळजीवाहू मुलाच्या मनात येईल की, बाबांच्या ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरलाही असे कपाट करावे. ते कदापि करू नये. त्या यंत्राला चहूबाजूंनी मोकळी हवा लागते. बंद जागेत ते तापते, ऑक्सिजनचे प्रमाण घटू शकते आणि साचलेल्या ऑक्सिजनमुळे आगीचा धोका वाढतो. त्याची घरघर झोपमोड करत असेल, तर यंत्र भिंतीपासून दूर, जाड रबरावर ठेवावे, त्याची गाळणी स्वच्छ ठेवावी किंवा पुरवठादाराला विचारून, त्याने सांगितलेल्या लांबीचीच नळी वापरून ते शेजारच्या हवेशीर खोलीत हलवावे. ती नळी दारात दबत नाही ना, रात्री उठणाऱ्याच्या पायात येत नाही ना, हे झोपण्यापूर्वी रोज पाहावे.