वीतभर जागा

घरात खेळण्यातली आगगाडी असणं आणि घरात रेल्वे असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली दिवाळीत काढतात आणि पाडव्यानंतर खोक्यात जाते. दुसरी एकदा बसली की हलत नाही. मी दुसरीच्या नादाला लागलो, त्याचं कारण आमचे अब्बा. ते बार्शी लाईटवर सांधेवाले होते.

बार्शी लाईट रेल्वे म्हणजे एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभारलेली, 1897 साली सुरू झालेली अडीच फुटी लाइन. आषाढीला वारकरी तिच्या टपावर बसून पंढरपूरला जात. पुढं रूळ रुंद झाले आणि अब्बांचं छोटं स्टेशन ओळखू येईनासं झालं. अब्बांचं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. आठवण कधी लख्ख असते, कधी नसते. ती असेपर्यंत ते स्टेशन करून दाखवायचं, असं मी ठरवलं.

पुण्यात कोथरूडला 1998 पासून असलेलं जोशी यांचं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय मी पाहिलं होतं. पाहणं सोपं असतं! करायला बसलो तेव्हा पहिला प्रश्न प्रमाणाचा आला. जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागलं की पावणेनऊ येतात. नऊ मिलिमीटरचा रूळ तयार मिळतो. ऑस्ट्रियात 760 मिलिमीटरचे मार्ग आहेत, त्यामुळे त्या मापाची इंजिनंही मिळतात. त्यातलंच एक घेतलं आणि वरचं कवच पुठ्ठ्याचं केलं. बी. ए. झालेल्या माणसाला यापेक्षा जास्त गणित झेपत नाही.

दुसरा प्रश्न जागेचा. या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर, आणि आमची माडीवरची खोली दहा फूट बाय आठ. म्हणजे गाव, नदी, पुढचं स्टेशन, सगळं सोडायचं. दीडशे मीटरची लूप लाइन तेवढी मापात बसवली, तर ती पावणेसहा फूट झाली. फळी दोन भिंतींना धरून काटकोनात घेतली. रुंदी दोन फूट, कारण घसरलेला डबा उचलायला हात पोचला पाहिजे. टोकाला ती अडीच फूट केली, तिथं गाडी वळसा घेऊन परत फिरते.

त्या वळशानं माझे पंधरा दिवस खाल्ले. छोट्या गाडीला बारा व्होल्टची वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण. वळसा घेऊन लाइन स्वतःलाच येऊन मिळाली, की डावा रूळ उजव्याला भिडतो. रूळ जोडला त्याच क्षणी वीज बंद! उपाय असा की वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापायचे, मधल्या तुकड्याला वेगळं बटण द्यायचं, आणि गाडी त्या तुकड्यात असताना बाहेरच्या लाइनची वीज उलटी करायची. शिवाय रुळांच्या सांध्यातून वीज पुढं जाईल यावर विसंबू नये. दर तीन-चार फुटांना फळीखालून तार आणून रुळाला डाख द्यावा.

मग खडी. बारीक चाळलेली खडी रुळांत पसरायची, तिच्यावर पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब सोडायचे. साबणानं तो आतपर्यंत झिरपतो. रात्रभर वाळला की लाइन कायमची. म्हणून त्याआधी आठ-पंधरा दिवस गाडी उलटसुलट पळवून पाहावी.

मी अब्बांना माडीवर आणलं. बराच वेळ पाहून म्हणाले, "लूप इदर कैसा? वो तो परली बाजू था."

दुसऱ्या दिवशी म्हणाले, बरोबर आहे. तिसऱ्या दिवशी पुन्हा नाही. नकाशा माझ्याकडं नव्हता. शेवटी मी लूपचं विचारणंच सोडलं आणि विचारलं, सकाळच्या गाडीला सांधा बदलताना ऊन कुठून यायचं? चटकन म्हणाले, पाठीवर. आणि मास्तर? समोर, लाइनीपलीकडं, हात करायचे. म्हणजे स्टेशन पश्चिमेला आणि अब्बा पूर्वेला. त्यांचा दांडा लूपच्याच बाजूला असे, हे मात्र ते कधीच चुकत नाहीत. मी लूप स्टेशनाच्या बाजूला घातली होती!

अख्खी लूप उखडली आणि पलीकडं घातली. पत्नी म्हणाली, खरी रेल्वेसुद्धा एवढा वेळ घेत नाही.

गेल्या महिन्यात खडी चिकटवली. परवा संध्याकाळी अब्बा वर आले, काडेपेटीच्या काडीएवढ्या त्या दांड्यावर बोट ठेवलं, मग ते बोट हळूच दोन इंच डावीकडं नेलं. सांध्याजवळची वीतभर जागा मी अजून कोरडीच ठेवली आहे.