ज्यांना पक्ष नको होते, त्यांनीच पक्ष काढले

"पक्षांनीच समाज फोडला, आता पक्षच नकोत," असे तरुण कार्यकर्ते आम्हाला नेहमी सांगतात. गटातटांचा हा वीट समजण्यासारखा आहे. पण पक्ष ही संस्था मुळात कशासाठी उभी राहिली, हे पाहिल्याशिवाय तिला मोडीत काढणे आपल्याला परवडणारे नाही. अमेरिकेच्या पहिल्या बारा वर्षांचा इतिहास इथे उपयोगी पडतो.

१७८७ साली तयार झालेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत राजकीय पक्षाचा उल्लेखच नाही. घटनाकारांपैकी अनेकांना पक्ष म्हणजे दुही वाटत होती. जेम्स मॅडिसन यांनी मात्र त्याच वर्षी लिहिले की, स्वातंत्र्य असेल तिथे गट पडणारच. म्हणून त्यांचे दुष्परिणाम आवरावेत. जॉर्ज वॉशिंग्टन दोन्ही वेळा पक्षाविना, एकमताने राष्ट्राध्यक्ष झाले.

फूट पडली ती त्यांच्याच मंत्रिमंडळात. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांना बळकट केंद्र सरकार, राष्ट्रीय बँक आणि राज्यांच्या युद्धकर्जाची केंद्राकडून फेड हवी होती. यात सावकार आणि व्यापाऱ्यांचे भले होईल, शेतकरी व राज्ये दुबळी होतील, असे परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन आणि मॅडिसन यांचे मत होते. १७९३ मध्ये ब्रिटन-फ्रान्स युद्ध पेटल्यावर वाद आणखी चिघळला. दोन्ही बाजूंनी वृत्तपत्रे चालवली, मते जमवली. हॅमिल्टन यांचा गट फेडरलिस्ट झाला, तर जेफरसन यांचा रिपब्लिकन. (आजचा रिपब्लिकन पक्ष वेगळा.) १७९६ साली निरोप घेताना वॉशिंग्टन यांनी पक्षद्वेषाविरुद्ध इशारा दिला, पण तोवर पक्ष उभे राहिले होते.

१७९८ मध्ये सत्ताधारी फेडरलिस्टांनी राजद्रोहाचा कायदा करून सरकारवरील टीकाकारांना तुरुंगात टाकले. व्हर्माँटचे खासदार मॅथ्यू लायन त्यात अडकले. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. १८०० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स हरले. जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे ॲरन बर यांना समान मते पडली, म्हणून प्रतिनिधीगृहात ३६ वेळा मतदान घ्यावे लागले. अखेर ४ मार्च १८०१ रोजी सत्ता रक्तपाताविना विरोधकांकडे गेली. विरोधक म्हणजे देशद्रोही नव्हे, तो उद्याचा सत्ताधारी असू शकतो, हे पक्षांमुळे व्यवहारात सिद्ध झाले.

पण या कथेची दुसरी बाजू आपण विसरू नये. जेफरसन स्वतः गुलामांचे मालक होते. गुलामांना मत नव्हते. तरी त्यांच्या संख्येचे तीन-पंचमांश धरून दक्षिणेच्या राज्यांना जादा जागा मिळत. गुलामगिरी संपवणे हा दोन्हींपैकी एकाही पक्षाचा कार्यक्रम नव्हता. गुलामगिरीचा फैलाव रोखण्यासाठी १८५४ मध्ये नवा रिपब्लिकन पक्ष निघाला आणि १८६० मध्ये अब्राहम लिंकन निवडून आले, तेव्हा हा प्रश्न सत्तेच्या दारात पोहोचला. ज्या प्रश्नामागे संघटित पक्ष नसतो, तो दुसऱ्यांच्या सोयीने मागे ढकलला जातो.

बाबासाहेबांनी म्हणूनच १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष आणि १९४२ साली शेड्युल्ड कास्ट फेडरेशन स्थापन केले. लोकशाहीला विरोधी पक्ष आवश्यक आहे, हे त्यांनी डिसेंबर १९५२ मध्ये पुण्यातील भाषणात सांगितले. त्याआधी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत, देशापेक्षा पक्ष मोठा मानू नका आणि राजकारणात व्यक्तिपूजा करू नका, असेही बजावले होते.

या दोन्ही गोष्टी एकत्रच घ्याव्या लागतील. पक्ष नाकारून आपले प्रश्न सुटणार नाहीत, आणि नेत्याच्या नावावर चालणारा गट म्हणजे पक्ष नव्हे. कोणत्याही पक्षाचा झेंडा हाती घेण्यापूर्वी आपण विचारू या : कार्यक्रम काय, हिशेब कोणाला देणार, आणि पक्षात राहून नेत्याला प्रश्न विचारता येतो का?