काकडीचा वेल का थांबला?

आमच्या घरामागे मोरीचे पाणी जाते, त्या जागेत मागच्या पावसाळ्यात आम्ही काकडीचे चार वेल लावले. जागा ती केवढी, तर एक खाट मावेल एवढी. बी 'पुना खिरा' या जुन्या जातीचे. जूनच्या शेवटी टोकले, वेल दोरीने पत्र्यावर चढवले आणि ऑगस्टच्या मध्यावर पहिली काकडी ताटात आली. भाजी महाग असते तेव्हा घरच्या काकडीचा किती आधार वाटतो, हे भगिनींना सांगायला नको.

पंधरा-वीस दिवस रोज काही ना काही निघाले, आणि मग वेल थांबला. नवी फळे धरेनात. धरली तर करंगळीएवढी होऊन पिवळी पडत. शेजारच्या मावशींनी लगेच कारण सांगितले, "पोरीला त्या चार दिवसांत वेलाला हात लावू देता ना? मग वेल जळणारच!"

आमची मुलगी दहावीत आहे. काकड्या तोडायचे काम तिचेच. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दाराकडे फिरकली नाही. घरातली आजीसुद्धा काही बोलली नाही, हे आम्हाला फार झोंबले. जे आपण दाराबाहेर टाकले म्हणतो, ते मोरीच्या वाटेने असे आत येते.

तेव्हा आम्ही वेलाचे एकेक पान उचलून पाहिले. पत्र्याच्या कडेला पानाआड दोन काकड्या मनगटापेक्षा जाड होऊन तांबूस पडल्या होत्या. एक नजरेतून सुटलेली. दुसरी आम्हीच पाहुण्यांना दाखवायला राखलेली! वेलाचे काम बी तयार करणे. एका फळात बी जून होऊ लागले की वेलाचा सारा जोर तिकडे जातो आणि नवे फळ धरणे मंदावते. म्हणून फूल उमलल्यापासून आठ-दहा दिवसांत, साल कोवळी व बी मऊ असतानाच काकडी काढावी. भर बहरात एक दिवसाआड वेल पाहावा, आणि पाने उचलून पाहावा. ओढून तोडू नये, वेल दुखावतो. कात्रीने थोडा देठ ठेवून कापावी. सकाळची काकडी अधिक ताजी राहते.

करंगळीएवढी फळे गळण्याचे कारण वेगळे होते. ज्या फुलामागे इवलीशी काकडी असते ते मादीफूल, नुसत्या देठावरचे ते नर. नराचे पराग मधमाशी मादीफुलावर नेते. त्या आठवड्यात पावसाची झड लागली होती, माश्या येणार कुठून? मुलीला हे समजावले. तिने त्या दोन्ही काकड्या कापल्या, आणि पुढचे काही दिवस सकाळी नरफूल तोडून, पाकळ्या काढून मादीफुलात हलकेच फिरवले. त्यातला कोणता दिवस कसला होता, हे आम्ही विचारले नाही. दहा-बारा दिवसांत पुन्हा काकड्या लागल्या.

कडूपणाबद्दलही अशाच समजुती आहेत. शेजारी कारले लावले म्हणून काकडी कडू होत नाही. पाण्याची ओढ बसली, ऊन फार तापले की कडूपणा वाढतो. तो देठाकडे व सालीजवळ जास्त असतो, म्हणून देठाकडचा तुकडा कापून चाखून पाहावा. फारच कडू लागली तर मात्र खाऊ नये, उलट्या-जुलाब होतात.

त्या दोन जून काकड्या वाया गेल्या नाहीत. एकीचा गर किसून थालीपिठात घातला. दुसरी पूर्ण पिकू दिली, बी धुऊन सावलीत वाळवले आणि कागदाच्या पुडीत बांधून ठेवले. नव्या बहरातल्या चार काकड्या मुलीच्याच हाती मावशींकडे पाठवल्या. मावशींनी दारातच थोडा वेळ तिच्याकडे पाहिले, मग पदरात घेतल्या. संध्याकाळी वाटी परत आली, त्यात दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर होती.