चौकट : कमिशनपूर्वीची दुखापत

पुण्याजवळील खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी किंवा डेहराडूनची भारतीय सैन्य प्रबोधिनी येथे प्रशिक्षण घेणारा छात्र जखमी झाला, तर त्याला बहुधा आधी उपचार व विश्रांती मिळते आणि प्रशिक्षण फार बुडाल्यास एक सत्र मागे ठेवले जाते. मात्र दुखापत कायमची ठरल्यास वैद्यकीय मंडळ, म्हणजे लष्करी डॉक्टरांची अधिकृत समिती, त्याला सेवेस अपात्र ठरवते. ही पात्रता ‘शेप’ (SHAPE) या श्रेणीपद्धतीने मोजली जाते, जिच्यातील पाच अक्षरे अनुक्रमे मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी यांची निदर्शक आहेत.

खरी अडचण वैद्यकीय नसून कायदेशीर आहे. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची औपचारिक नियुक्ती, प्रशिक्षणाच्या अखेरीस मिळत असल्याने त्याआधी बाहेर पडलेला छात्र ‘माजी सैनिक’ गणला जात नाही व त्याला निवृत्तिवेतनाऐवजी सानुग्रह मासिक रक्कम मिळते. याउलट, प्रशिक्षणातच अपंगत्व आलेला आणि त्यासाठी निवृत्तिवेतन मंजूर झालेला जवानपदाचा रिक्रूट मात्र माजी सैनिक ठरतो. एकाच कवायतीच्या मैदानावरील दुखापतीला असे दोन न्याय लावणे समर्थनीय म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली आणि त्याच महिन्यात केंद्र सरकारने या छात्रांना माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेत, एकरकमी वर्गणी माफ करून, समाविष्ट केले.